कोवळ्या बनाची माती

मला भुताखेतांचा भारी राग येतो. भुतांचा नव्हे, त्यांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांचा. परतूरच्या शाळेत भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली. वर्गात कुणी 'बाई, कोवळ्या बनात रडं ऐकू येतं' असं म्हणालं, की मी त्याला नदीच्या कार्यावर दोन पानं लिहून आणायला लावायची. तेव्हा आता जे सांगते आहे ते सगुणाबाईबद्दल आहे, भुतांबद्दल नाही. वाचताना गल्लत झाली तर तो दोष माझ्या माथी मारू नका.

सगुणाबाई धावडा गावची लेक. लग्न होऊन दुधनेकाठच्या आमच्या गावात आली आणि नव्या साडीची घडी मोडायच्या आत वीटभट्टीवर जाऊन बसली. नवरा कडूबा चिखल तुडवायचा, ही विटा पाडायची. उकिडवं बसायचं, चिखलाचा गोळा साच्यात आपटायचा, वरचा चिखल हाताच्या कडेने निपटायचा आणि साचा उपडा करायचा. चाळीसेक वर्षं तिने हेच केलं. प्रत्येक मातीला तिने नाव ठेवलेलं होतं. वडीगोद्रीकडच्या भट्टीवरची चिकट काळी माती म्हणजे 'सासू', हात सोडतच नाही. रेताड माती म्हणजे 'जाऊ', वरून गोड आणि वेळेला फुटणार. भट्टीचा मालक राधेश्याम तिला मावशी म्हणायचा आणि तिच्या तोंडाला भ्यायचा. एकदा भर कामात तिने त्याला ऐकवलं होतं, "शेट, तुमच्या विटा बी तुमच्यावानीच हायत. वरून भाजल्याल्या, आतून कच्च्या." तोही हसला होता बिचारा.

आता बनाबद्दल सांगायला हवं. गावाच्या खालच्या अंगाला, दुधना वळण घेते तिथे कोवळं बन आहे. उंबर, करंज, जांभूळ, अर्जुनसादडा आणि मधून मधून शिंदी. भर दुपारी आत शिरलं तरी उजेड हिरवट होतो, आणि पाचोळा इतका मुरलेला की पाय टाकला तर आवाज होत नाही. आपलाच आवाज येईनासा झाला की माणूस उगाच मागे वळून बघतो. मीही बघते.

अंगावर पिणारं लेकरू गेलं की ते या बनात ठेवायचं, ही गावाची रीत. मोठ्यांच्या वाटा वेगळ्या, कुणाला सरण, कुणाला कबर. पण एवढ्याशा जिवाला कसली जात आणि कसला धर्म, ते सगळ्या घरांचं इथेच. बापाने न्यायचं, सोबत दुसऱ्या घरातला एक माणूस घ्यायचा. वर दगड ठेवायचा नाही, खूण करायची नाही, बाभळीच्या काट्या पसरायच्या आणि पाचोळा ओढायचा. परतताना नदीत पाय धुवायचे आणि तोंड बंद. आईला जागा सांगायची नाही, मरेपर्यंत नाही. जागा कळली की आईचा जीव तिथेच घुटमळतो आणि पुढचं लेकरू तगत नाही, असं जुन्या बाया म्हणत. त्यामुळे बनात कुणी कुऱ्हाड नेली नाही, शेरडं सोडली नाहीत, चुलीला पाचोळासुद्धा आणला नाही.

सगुणाबाईची पहिली मुलगी नाव ठेवायच्या आधीच तापाने गेली. कडूबाने तिला जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलं आणि जोडीदार म्हणून अजमतला हाक मारली. अजमत भट्टी पेटवणारा, कडूबाचा जिवाभावाचा दोस्त. दोघं ओल्या पायांनी परत आले आणि तो विषय संपला. पुढे दोन पोरं झाली, जगली, जालन्याला कामालाही लागली. कडूबाच्या शेवटच्या दुखण्यात सगुणाबाईने त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं होतं, "आता तरी सांगा, कुटं ठुली?" त्याने मान हलवली आणि डोळे मिटले. राहिला एकटा अजमत. त्याला तिने कधी विचारलं नाही. रीत म्हणजे रीत.

बनाची मालकी कागदावर ज्याच्या नावावर होती तो माणूस कधीचा पुण्याला राहायला गेलेला. दोन वर्षांमागच्या हिवाळ्यात त्याने नदीकडची कड राधेश्यामला मातीसाठी दिली. नुसती कड, आतलं बन तसंच राहणार, असं ठरलं. गाव गप्प बसलं, आणि का गप्प बसलं ते ऐका, कारण असली चूक दुसऱ्या कुठल्या गावाला जमणार नाही. बाया म्हणाल्या, काठावर कोण ठेवतंय, आपलं लेकरू आत, मोठ्या झाडाखालीच असणार. प्रत्येकीला तसंच वाटलं. आणि ज्या पुरुषांना ठाऊक होतं की आपलं काठावरच आहे, ते बोलू शकेनात. 'इथे खोदू नका' असं म्हटलं की जागा सांगितल्यासारखंच झालं. चांगली मिशीवाली माणसं जेसीबीकडे बघत उभी राहिली आणि तंबाखू मळत राहिली.

ती माती भट्टीवर आली तेव्हा सगुणाबाई खूश झाली. काळसर तपकिरी, लोण्यासारखी, एक खडा नाही. हाताला लागली की गार वाटे आणि वास पहिल्या झडीत भिजलेल्या उंबराचा. तिने तिचं नावही लगेच ठेवून टाकलं, 'लेक'. "बाई, साच्यातून कशी सुळकन निघती बघा," ती मला म्हणाली. "जल्मात अशी माती न्हाई गावली." स्वयंपाकघराची मागची भिंत नव्याने बांधायची म्हणून मी विटा सांगायला गेले होते. तिने विटा पाडता पाडता मला ओवीसारखं काहीतरी गुणगुणून दाखवलं. तिला गाताना मी तेवढंच एकदा ऐकलं.

पहिली भट्टी रचली गेली. नेहमीसारखा मध्ये भुसा आणि कोळसा भरला आणि अजमतने खालून पेटवली. भट्टी जळते, मग आपोआप निवते, मग विटा काढतात. ही निवेना. कोळसा कधीच संपला असणार, पण फटींतून निळसर जाळ दिसत राहिला. बाहेरच्या कडेच्या विटा निवल्यावर काढल्या, त्यातली एक ट्रॉली माझ्याकडे आली. आतली रास मात्र जळतच राहिली, आणि मग तिच्यातून आवाज येऊ लागला. बारीक, लांबट. एका फटीतून यायचा, थांबायचा, आणि दम घेतल्यासारखा होऊन दुसऱ्या अंगाने सुरू व्हायचा.

मी स्वतः दिवसाउजेडी जाऊन ऐकला. अजमत भट्टीकडे पाठ करून बसला होता. चपला काढून लांब ठेवल्या होत्या त्याने.

"चपला का काढल्या, अजमतभाई?" मी विचारलं.

"अशाच, म्याडम," तो म्हणाला. "पाय गरम होऊन राह्यले." जमीन तर चटके देत होती.

इकडे माझ्या घरी गवंड्याने अद्धा, म्हणजे अर्धी वीट, करायला थापीने वीट तोडली आणि तसाच थांबला. वीट बाहेरून लाल आणि आतून काळी कुळकुळीत होती. वजनालाही हलकी. दुसरी तोडली, तीही तशीच. तो म्हणाला, "बाई, ह्या विटंला काळीज हाय." मी त्याला झापलं आणि भिंत पुरी करायला लावली.

त्या काळ्याचं कारण मला ठाऊक होतं. त्यात गूढ काही नाही. एका वर्षी मी मुलांकडून शेतातली आणि बनाच्या कडेची माती तपासून आणवली होती. आपल्या उघड्या, नांगरलेल्या शेतात सेंद्रिय कर्ब नावाला उरलाय. बनातल्या मातीत तो कितीतरी पट निघाला, आणि नत्र-स्फुरदही तसंच. पण हे सगळं सांगायची वेळ माझ्यावर सगुणाबाईपुढे येईल असं वाटलं नव्हतं.

ती भर दुपारी आली. अंगणात टेकली, पाणी प्यायली नाही. पदराची गाठ सोडून तिने एक काळा काचेचा मणी माझ्या हातावर ठेवला. दुसऱ्या भट्टीच्या विटा पाडताना चिखलात बोटाला लागला होता. बाळाच्या मनगटात दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तसला.

"आमच्यात न्हाई बांधत," ती म्हणाली. "पर माही सासू जुनी. तिच्या धाकानं बांधला व्हता. असाच व्हता, बाई."

"असे मणी गावातल्या कितीतरी लेकरांच्या हातात असतात, सगुणाबाई."

"तेच तं. वळखू कशी?" तिने मणी परत घेतला. "बाई, तुमी शाळंत शिकिवता. त्या मातीत काय हाय असं? इझत का न्हाई?"

मी सांगितलं. पान, मूळ, किडामुंगी, जे जे मरतं ते मातीत मुरतं. शेतात नांगर फिरतो, ऊन लागतं, तिथे ते फार टिकत नाही, उडून जातं. बनात सावली, ओल आणि पाचोळ्याचं पांघरूण. पूर आला की झाडं पाण्याचा वेग मोडतात, गाळ तिथेच बसतो, त्यावर पुन्हा पाचोळा, पुन्हा गाळ. आपण वाकळ शिवताना जुन्या लुगड्यांचे थर देतो ना, तसं. खालचं खाली राहतं, शेकडो वर्षं. शेतांतून वाहून येणारं खतसुद्धा ती मुळं नदीत जाऊ देत नाहीत, पकडून ठेवतात.

"म्हंजे त्या मातीत गेलं ते गेलंच न्हाई?"

"सगळं राहत नाही. पण बरंचसं तिथेच राहतं. मातीत, मुळांत, झाडांत."

"आन् भट्टीत घातलं की?"

मला खोटं बोलता येत नाही. हा गुण आहे असं मी आजवर समजत आले.

"जळतं," मी म्हणाले. "धूर होऊन हवेत जातं."

तिने आपले तळहात समोर धरून पाहिले. मग म्हणाली, "माह्या हातानं थापली का काय मी तिला, बाई? 'लेक' म्हून नाव बी ठुलं." आणि रडली. एवढ्या तिखट बाईचं रडणं आवाजाशिवाय होतं.

त्यानंतर आम्ही दोघी खोदलेल्या जागेवर गेलो. ती आयुष्यात पहिल्यांदा बनाच्या इतकी जवळ आली होती. ज्यांचं लेकरू बनात आहे त्या आयांनी यायचंच नसतं. जेसीबीने कापलेली कड पुरुषभर उंच होती. तिच्यात काळा पट्टा, राखी पट्टा, पुन्हा काळा, असे थर स्पष्ट दिसत होते. तुटलेली मुळं बाहेर लोंबत होती आणि टोकांतून थेंब थेंब गळत होती. वारा नव्हता. पाखरू नव्हतं. इतक्या पिढ्यांची इतकी लेकरं, आणि त्या कापात एक हाड दिसत नव्हतं. एवढी कोवळी हाडं ओलीत आणि मुळांत विरून जातात हे मी पुस्तकात वाचलेलं आहे. तरी मला तिथे उभं राहवेना. सगुणाबाईने त्या कापाला तळहात लावला आणि दचकून काढला.

"गरम हाय," ती म्हणाली.

मी हात लावला. गार होती माती, चांगली गार. तिच्या हाताला काय लागलं ते मला माहीत नाही.

दुसऱ्या भट्टीच्या कच्च्या विटा वाळून रचायला तयार होत्या. राधेश्यामने या वेळी भुसा कमी घालायचा असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तर सगुणाबाई त्या विटांच्या थप्पीवर मांडी घालून बसलेली. भट्टीवरच्या बाया काम टाकून भोवती उभ्या. पहिली भट्टी मागे अजून धुमसत होती आणि तो बारीक आवाज येतच होता.

"मावशी, उतरा," राधेश्याम म्हणाला. "काय लावलंय हे? एक तरी हाड निघालं का तिथं? न्हाई ना? मंग?"

"मण्याचं काय?" ती म्हणाली. "शेट, मला एकच कळू द्या. माही लेक आत बनात असंल, तं मी उतरते, तुमी लावा भट्टी. ह्या इटात असंल, तं मला घालून लावा." मग तिने अजमतकडे पाहिलं. "भाईजान, तुमी व्हते त्यांच्यासंगं. इतकी सालं मी तोंड उघडलं न्हाई. आज इचारते. कुटं ठुली माही लेक?"

अजमत पुढे आला. अनवाणीच होता.

"भाभी, कडूबाला मी जबान दिल्ती," तो म्हणाला. "जेसीबी आला त्या दिवशी पण मी गप ऱ्हायलो. बोललो असतो तं जबान गेल्ती. न्हाई बोललो तं ही भट्टी मीच पेटवली. खुदा मला काय म्हणंल? आता सांगतो. बिलकुल सांगतो."

त्याने जागा सांगायच्या आधीच त्याचे डोळे एका बाजूला गेले. मी जवळच उभी होते, मला दिसलं.

सगुणाबाईला दिसलं नाही, कारण ती त्या वेळी बायांकडे बघत होती. त्या कुणीच अजमतकडे बघत नव्हत्या. सरदारबी, बेबीनंदा, सगळ्या मान खाली घालून आपापल्या हातांवरचा वाळलेला चिखल बघत होत्या. सगुणाबाईला उत्तर मिळणार होतं. त्यांना जागा सांगू शकणारं माणूस कुणाचं जिवंत होतं, कुणाचं नव्हतं. सगुणाबाईची लेक आत निघाली असती तर ती उतरणार होती, आणि मग या विटांवर बसायला कोण होतं?

तिने हात वर केला. "राहू द्या, भाईजान," ती म्हणाली. "सांगू नका."

"भाभी..."

"न्हाई. जागा कळली की तेवढीच माही ऱ्हाईल. बाकीची समदी नुसती माती व्हईल, आन् शेट भट्टी लावतील. न्हाई कळली तं समदं बन माहं हाय. ह्या इटा बी माह्याच. ह्यांच्या बी."

असं म्हणून ती खाली उतरली. तिने दोन कच्च्या विटा उचलल्या, कडेवर घ्याव्या तशा दोन्ही बाजूंना धरल्या आणि बनाच्या वाटेला लागली. मग सरदारबीने एक वीट उचलली, मग बेबीनंदाने, मग सगळ्यांनीच. ज्या विटा रोज डोक्यावर चळत करून फटाफट वाहायच्या, त्याच विटा त्या बाया छातीशी धरून, पाय जपून टाकत नेत होत्या.

राधेश्यामने खिशातून मोबाईल काढला. मला वाटलं पोलिसांना लावतो. त्याने आईला फोन लावला. "माँ, अपना भी कोई है क्या, बन में?" एवढंच मला ऐकू आलं. पलीकडून म्हातारी काय म्हणाली कोण जाणे. त्याने फोन खिशात ठेवला, चप्पल काढली, आणि कुणालाही अडवलं नाही.

त्या विटा बायांनी कापलेल्या कडेला रचून ठेवल्या आणि वर पाचोळा ओढला. परतताना सगळ्यांनी नदीत पाय धुतले. पावसाळ्यात त्या विरघळल्या, आता तिथे वीट ओळखू येत नाही. पहिली भट्टी बऱ्याच दिवसांनी आपणहून विझली. त्या काळ्या काळजाच्या विटा पुढे कुणी घेतल्या नाहीत, आणि राधेश्यामने पुन्हा तिकडची माती आणली नाही. सगुणाबाई आजही विटा पाडते, 'सासू' आणि 'जाऊ' यांना शिव्या घालते. नव्या मातीला मात्र ती आता नाव ठेवत नाही.

अजमतचे डोळे कुठे गेले होते ते तिने मला कधी विचारलं नाही, आणि विचारलं तरी मी सांगणार नाही. त्या दिवशी पाय मीही धुतले आहेत. एवढंच सांगते, की माझ्या स्वयंपाकघराची मागची भिंत झाली त्याला आता दोन पावसाळे उलटले. कॅलेंडर जमिनीवर टेकवून ठेवलंय, चाळणी ओट्यावर पडलेली असते. त्या भिंतीत मी अजून एक खिळा ठोकलेला नाही.